मोठे चाक की मोठी रिम : एका गाडीवरच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर

धाकट्या भावाने गाडीसाठी १७ इंची अलॉय रिमचा संच आणला आहे. सध्या गाडीला १५ इंची रिमवर १९५/६५ आर १५ मापाचे टायर आहेत. गाडी घरातले सगळेच वापरतात, म्हणून नवा संच बसवण्यापूर्वी त्याने मला विचारले की हा बदल गाडीला मानवेल का. लगेच हो किंवा नाही म्हणण्याइतकी माहिती माझ्याजवळ नव्हती, आणि ऐकीव मतांवर निर्णय घ्यायची माझी तयारी नव्हती. दोन्ही संच हाताशी असताना मोजूनच ठरवावे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट कागदावर स्पष्ट झाली. "मोठी चाके" असे म्हणताना लोक दोन निराळ्या गोष्टींविषयी बोलत असतात. टायरसकट चाकाचा बाहेरचा व्यास वाढवणे ही एक गोष्ट, आणि बाहेरचा व्यास तोच ठेवून आतली रिम मोठी करणे ही दुसरी. १९५/६५ आर १५ या मापात १९५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे जवळपास १२७ मिमी, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. यावरून बाहेरचा व्यास ६३४.५ मिमी येतो. भावाने निवडलेल्या २२५/४५ आर १७ टायरची साइडवॉल १०१ मिमी आणि बाहेरचा व्यास ६३४.३ मिमी आहे. म्हणजे चाक मोठे होतच नाही. मोठी होते ती रिम, आणि कमी होते ती रिम व रस्ता यांच्यामधली हवा. पुढच्या सगळ्या मोजमापांत हाच व्यवहार तपासायचा आहे : साइडवॉलचे २६ मिमी देऊन आपल्याला नेमके काय मिळते?

९ ऑक्टोबर

आधी चाक बसते की नाही ते पाहिले. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत टायरची दोनच मापे छापलेली आहेत, १९५/६५ आर १५ आणि २०५/५५ आर १६. १७ इंच त्यात नाही.

टायरच्या भारक्षमतेचा प्रश्न सुटला. जुन्या टायरचा भार निर्देशांक ९१ आहे, म्हणजे एका टायरमागे ६१५ किलो. नव्यावरही ९१ च आहे, आणि वेगाचे अक्षर एचऐवजी डब्ल्यू, म्हणजे ताशी २१० ऐवजी २७० किमी. हा वेग आम्हाला कधीच लागणार नाही, पण माप उतरते नाही एवढे खरे.

ऑफसेटचा (रिमची मध्यरेषा आणि रिम गाडीवर टेकते ती बाजू यांतल्या अंतराचा) हिशेब मात्र काळजीपूर्वक करावा लागला. जुनी रिम ६ इंच रुंद आणि ऑफसेट ४५ मिमी. नवी ७ इंच रुंद आणि ऑफसेट ४०. रुंदी एका इंचाने वाढली की दोन्ही बाजूंना १२.७ मिमीची भर पडते, आणि ऑफसेट ५ मिमीने कमी झाल्यामुळे सबंध रिम तेवढी बाहेर सरकते. म्हणून आतल्या बाजूला ७.७ मिमी आणि बाहेरच्या बाजूला १७.७ मिमी जागा जास्त लागणार. शॉकअब्सॉर्बरच्या नळकांड्यावर ओल्या शाडूचा गोळा चिकटवला, पुढचे एक चाक बसवले, जॅक उतरवला आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवले. चाक काढल्यावर गोळ्याची सर्वांत पातळ जागा ९ मिमी भरली. अंतर पुरेसे आहे, पण ऐसपैस नाही.

नव्या रिमचे मधले भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागापेक्षा, मोठे आहे, त्यामुळे केंद्र साधणारी कडी लागेल. ती नसेल तर चाकाचे मध्य केवळ बोल्टांच्या भरवशावर राहते, आणि मग कितीही बॅलन्सिंग केले तरी ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत राहते. कड्या मागवल्या आहेत.

१३ ऑक्टोबर

दोन्ही संचांवर एकाच उत्पादकाचे, एकाच मालिकेतले नवे टायर चढवून घेतले आहेत. तसे केले नसते तर फरक मापाचा की रबराच्या मिश्रणाचा, हे सांगता आले नसते. वजनकाट्यावर १५ इंची चाक टायरसह १६.० किलो आणि १७ इंची २०.० किलो भरले. चार किलोंचा फरक पाहून भावालाही आश्चर्य वाटले, कारण अलॉय म्हणजे हलके असे त्याने गृहीत धरले होते. ओतीव अलॉय रिम आकाराने वाढत गेली की पोलादी रिमपेक्षा हलकी राहीलच असे नाही. घडाईच्या रिम हलक्या असतात, पण या तशा नाहीत.

केवळ वजन पुरेसे नाही, ते आसापासून किती दूर आहे हेही महत्त्वाचे. म्हणून चाकाचे जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याचा वेग बदलण्याला चाक किती विरोध करते ते, मोजायचे ठरवले. प्लायवूडची तिकोनी पाटी करून ती १.८ मीटर लांबीच्या तीन सारख्या दोऱ्यांनी छताच्या तुळईला टांगली. प्रत्येक दोरी मध्यापासून २५ सेंटिमीटरवर बांधलेली आहे. पाटीवर चाक आडवे आणि बरोबर मध्यावर ठेवायचे, थोडेसे पिळून सोडायचे, आणि ते स्वतःभोवती मागेपुढे फिरत असताना २० हेलकाव्यांचा वेळ घ्यायचा. जड चाक अगदी संथपणे, आवाज न करता वळते, आणि दोऱ्यांचा बारीक करकर आवाज तेवढा ऐकू येतो. १५ इंची चाकाला ४९.३ सेकंद लागले आणि १७ इंचीला ५०.९. प्रत्येक मापन पाच वेळा घेतले. पाटीचे वजन एक किलो आहे, आणि तिचा वाटा रिकाम्या पाटीच्या हेलकाव्यांवरून काढून वजा केला.

१४ ऑक्टोबर

आकडेमोड पूर्ण झाली. १५ इंची चाकाचे जडत्व आघूर्ण ०.८६ आणि १७ इंचीचे १.१४ किलो वर्गमीटर आले. चाक लोळत असते तेव्हा ते पुढेही जाते आणि फिरतेही, म्हणून वेग वाढवताना इंजिनाला त्याच्या वजनापेक्षा जास्त वजन भासते. ही भर म्हणजे जडत्व आघूर्ण भागिले त्रिज्येचा वर्ग. ती धरून १५ इंची चाक २४.५ किलोइतके भासते आणि १७ इंची ३१.३ किलोइतके. चार चाकांचा मिळून फरक २७ किलो.

चालकासह गाडी १३५० किलोची आहे, त्यामुळे हा फरक दोन टक्के. चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो, असे गॅरेजमध्ये छातीठोकपणे सांगितले जाते. ते निदान वेग घेण्याच्या बाबतीत तरी खरे नाही, कारण सगळे वजन अगदी परिघावर असले तरी ते दुपटीहून जास्त भासू शकत नाही. माझा स्वतःचा कल आधीपासून लहान रिमकडे होता हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच हा आकडा मुद्दाम ठळक लिहून ठेवत आहे. जड रिममुळे गाडी मंद होते, पण ती मंदी मागच्या सीटवर एक लहान मूल जास्त बसवल्याइतकीच आहे.

स्प्रिंगखालच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगांनी न पेललेल्या, वजनाचा प्रश्न निराळा आहे. तिथे चार किलोंची तुलना सबंध गाडीशी करून चालत नाही, ती चाक, हब आणि ब्रेक मिळून होणाऱ्या ३५ किलोंच्या आसपासच्या वजनाशी करावी लागते.

२० ऑक्टोबर

आज भाराखाली टायर किती दबतो ते मोजले, आणि आतापर्यंतच्या कामात सर्वांत जास्त शिकवणारा दिवस हाच ठरला.

सपाट फरशीवर गाडी उभी करून हबच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची घेतली आणि ती मोकळ्या चाकाच्या त्रिज्येतून वजा केली. पुढच्या एका चाकावर ४०० किलोंचा भार येतो. १५ इंची टायर २.२ बार हवेवर २१ मिमी दबला, १७ इंची २.४ बारवर १७ मिमी. फरक चार मिलिमीटरचा, म्हणजे एखाद्या जाड पुठ्ठ्याइतका. पण त्याच भाराखाली कमी दबणे म्हणजेच ताठ असणे. हिशेबाने पहिला टायर मिलिमीटरला १८७ न्यूटन आणि दुसरा २३१ न्यूटन इतका ताठ आहे. गाडीतली पहिली स्प्रिंग टायरच असते, आणि ती आपण २३ टक्क्यांहून जास्त कडक करत आहोत.

नंतर टायरचे ठसे घेतले. पुढचे चाक उचलून टायरच्या चाळीवर (रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागावर) शिक्क्याची शाई स्पंजाने लावली, खाली जाड पांढरा कागद ठेवला, जॅक हळूहळू उतरवला आणि परत उचलला. १५ इंचीचा ठसा जवळजवळ चौकोनी आला, १४ सेंमी रुंद आणि १४ सेंमी लांब, कोपरे गोलसर. १७ इंचीचा ठसा १८.५ सेंमी रुंद, पण लांबी अवघी १० सेंमी. चाळीतल्या खाचा पांढऱ्या रेघांसारख्या स्वच्छ उमटल्या होत्या.

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. रुंद टायर म्हणजे जमिनीवर जास्त रबर, अशी त्याची समजूत होती. वस्तुस्थिती अशी की गाडीचा भार मुख्यतः आतली हवा पेलते, म्हणून ठशाचे क्षेत्रफळ साधारणपणे भार भागिले हवेचा दाब इतकेच असते. रुंदी वाढली की लांबी कमी होते, आणि दाब वाढवला तर एकूण क्षेत्रफळही घटते. आमच्या बाबतीत रुंद टायरचा ठसा थोडा लहानच आहे. मात्र आकार बदलल्याने वागणूक बदलते : आखूड आणि रुंद ठसा वळताना लवकर पकड घेतो, लांब ठसा सरळ रेषा शांतपणे धरून राहतो.

२ नोव्हेंबर

वेग ओसरण्याची चाचणी केली. रहदारी नसलेला सपाट, सरळ रस्ता निवडला, दोन्ही दिशांनी प्रत्येकी सहा फेऱ्या घेतल्या आणि प्रत्येक संचापूर्वी टायर गरम होण्यासाठी अर्धा तास गाडी चालवली. ताशी ८० किमीच्या वर जाऊन गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि ८० वरून ६० वर यायला लागणारा वेळ नोंदवायचा. १५ इंची संचाची सरासरी २५.४ सेकंद आणि १७ इंचीची २४.३ सेकंद आली.

इथे एक चकवा आहे. वेळेतला फरक साडेचार टक्क्यांचा दिसतो, पण १७ इंची चाके जड असल्यामुळे ती फ्लायव्हीलच्या जड चक्राप्रमाणे वेग धरून ठेवतात आणि आपलाच दोष काही प्रमाणात झाकतात. १४ ऑक्टोबरचे आकडे वापरून प्रत्यक्ष रोध काढला तर तो ३०३ न्यूटनवरून ३२३ न्यूटनवर गेलेला दिसतो, म्हणजे साडेसहा टक्के वाढ. हेलकाव्यांची चाचणी आधी केली नसती तर हा बारकावा निसटला असता. रोध वाढण्याची कारणे दोन आहेत. लोळताना टायरचे रबर सतत वाकते आणि पूर्ववत होते, आणि त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. रुंद चाळीत रबर जास्त, म्हणून ही उष्णताही जास्त. दुसरे म्हणजे रुंद टायर वाऱ्याला अधिक अडतो.

२० न्यूटन म्हणजे १०० किलोमीटरला २० लाख ज्यूल. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल असतात आणि त्यातला साधारण चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर १०० किलोमीटरमागे पाव लिटर इंधन जास्त लागेल. रोजच्या वापराच्या गाडीत ही भर टायर झिजेपर्यंत साचत जाते.

९ नोव्हेंबर

आठवडाभर १७ इंची संचावर गाडी वापरली. जे चांगले आहे ते आधी लिहितो. स्टिअरिंगला मिळणारा प्रतिसाद निःसंशय सुधारला आहे. १५ इंचीवर स्टिअरिंग वळवले की साइडवॉल आधी थोडी कलते आणि मग गाडी वळते, म्हणजे मध्ये एक क्षणभराची ढिलाई असते. १७ इंचीवर ती जवळपास नाही. घाटासारख्या लागोपाठ वळणांच्या रस्त्यावर भावाचा चेहरा खुलला होता, आणि त्याचा आनंद खोटा नव्हता.

तोटे दोन जाणवले. जड वाहनांनी रस्त्यात पाडलेल्या घळींमध्ये गाडी चाकोरी धरते आणि स्टिअरिंग सतत सावरावे लागते. आणि रस्त्याच्या सांध्यांवरून जाताना आत येणारा ठोका आता बोथट राहिलेला नाही, टोकदार झाला आहे. आईला पाठीचा त्रास आहे आणि ती नेहमी मागच्या सीटवर बसते. कोणती चाके लावली आहेत हे तिला सांगितले नव्हते. तिसऱ्या दिवशी तिने आपणहून विचारले, "गाडीत हवा जास्त भरली आहेस का रे?" माझ्या नोंदवहीत या प्रश्नाला मी मोजमापाइतकेच महत्त्व देतो, कारण चालकाला धरायला स्टिअरिंग असते आणि येणारा खड्डाही दिसत असतो. मागे बसलेल्याला यांपैकी काहीच मिळत नाही.

१७ नोव्हेंबर

अवेळी पाऊस झाला, म्हणून ओल्या रस्त्याचा विचार आजच उरकतो. ठशाच्या रुंदीवरून हिशेब केला : ताशी ९० किमी वेगाला, रस्त्यावर ३ मिमी पाणी असेल, तर १४ सेंमी रुंद ठशाला सेकंदाला १०.५ लिटर पाणी बाजूला सारावे लागते आणि १८.५ सेंमी रुंद ठशाला १३.९ लिटर. चाळी नव्या असताना खाचा हे काम करतात, पण त्या झिजत जातात तसा रुंद टायर पाण्यावर आधी तरंगू लागतो. म्हणून रुंद टायर खाचांच्या खोलीच्या १.६ मिमीच्या मर्यादेपर्यंत वापरू नये, त्याआधीच बदलावा, असे माझे मत झाले आहे. प्रत्यक्ष चाचणी केली नाही आणि करणारही नाही.

२४ नोव्हेंबर

आज १७ इंची संचावर मीच गाडी चालवत असताना पुढचे डावे चाक एका खड्ड्यात आदळले. वेग ताशी ५० च्या आसपास होता, खड्ड्यात पाणी भरलेले असल्याने खोली कळली नाही. कर्रकन आवाज झाला. थांबून पाहिले तर हवा शाबूत होती, बाहेरून काही दिसत नव्हते. घरी येऊन चाक काढले तेव्हा आतल्या बाजूला साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा आलेला होता आणि त्याच्या बरोबर समोर रिमचा आतला काठ दोन बोटांच्या लांबीत चपटा झाला होता. फुग्यावरून बोट फिरवले तर तो आजूबाजूच्या भागापेक्षा मऊ लागतो, कारण तिथले धागे तुटलेले असतात आणि हवा फक्त रबराने धरून ठेवलेली असते. असा टायर दुरुस्त होत नाही. तो लगेच बाद केला.

हे अपघाताने घडले, पण का घडले याचा अंदाज २० ऑक्टोबरच्या मापांवरून करता येतो. टायर पूर्ण चेपून रबर रिमच्या काठावर टेकेपर्यंत त्याला दबायला किती जागा आहे? साइडवॉलच्या उंचीतून रिमच्या काठाचे १७ मिमी आणि चेपलेल्या रबराच्या जाडीचे अंदाजे २५ मिमी वजा केले, तर १५ इंचीला ८५ मिमी आणि १७ इंचीला ५९ मिमी उरतात. त्यातले २१ आणि १७ मिमी उभ्या गाडीच्या भारानेच वापरलेले असतात. उरलेल्या प्रवासात ताठपणाच्या हिशेबाने १५ इंची टायर सुमारे ६३० ज्यूल पचवू शकतो आणि १७ इंची सुमारे ३७०. खड्ड्याची धार अरुंद असते आणि तिथे टायर सर्वत्र सारखा दबत नाही, म्हणून प्रत्यक्षातले आकडे वेगळे असतील. पण दोहोंतले प्रमाण बोलके आहे. १७ इंची टायर ताठ असूनही धक्का कमी पचवतो, कारण ताठपणा वाढतो त्यापेक्षा दबण्याची जागा फार झपाट्याने कमी होते.

भावाला फोन करून सांगितले. तो आधी "लागलं नाही ना कुणाला?" असे म्हणाला, रिमचे नंतर विचारले.

३० नोव्हेंबर

मग बाहेरचा व्यासच वाढवला तर? हा खऱ्या अर्थाने मोठ्या चाकाचा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या चाकांचा बाहेरचा व्यास ३० इंच, म्हणजे ७६२ मिमी होता आणि टायर जेमतेम ३ ते साडेतीन इंच रुंद. खराब रस्त्यांसाठी उंच आणि अरुंद चाक, ही त्यामागची समज होती. १९५९ च्या मिनीमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी बरोबर उलट केले. चाकांच्या कमानींनी प्रवाशांची जागा खाऊ नये म्हणून त्यांनी १० इंची रिम घेतल्या. बीएमडब्ल्यूच्या आय ३ या विद्युत गाडीने १५५/७० आर १९ मापाचा टायर वापरला, ज्याचा बाहेरचा व्यास ७०० मिमीच्या जवळ जातो. रिम १९ इंची असूनही साइडवॉल १०८ मिमी शिल्लक राहते आणि अरुंद असल्याने वारा व रबर दोन्हींचा रोध कमी राहतो. त्यामुळे १९ हा आकडा ऐकूनच नाक मुरडणे चुकीचे आहे.

याउलट उदाहरण २०२३ च्या टोयोटा प्रियसचे. तिच्या १९५/६० आर १७ टायरवरच्या मूळ आवृत्तीचे अमेरिकेतले अधिकृत एकत्रित मायलेज गॅलनला ५७ मैल आहे आणि १९५/५० आर १९ वरच्या महागड्या आवृत्त्यांचे ५२. रुंदी तीच, १९५. आवृत्त्यांच्या वजनातही थोडा फरक आहे, म्हणून सगळी घट रिमच्या माथी मारता येणार नाही, परंतु दिशा आमच्या चाचणीतलीच आहे.

आमच्या गाडीवर १७ इंची रिम ठेवून साइडवॉल पूर्वीइतकीच, १२७ मिमी ठेवली, तर बाहेरचा व्यास ६८५ मिमी होईल, म्हणजे आठ टक्के वाढ. त्याचा लाभ भूमितीने मोजला. २० सेंमी रुंदीच्या खड्ड्यात न दबणारे चाक किती बुडेल, ते पाहिले : सध्याचे १६.२ मिमी, मोठे १४.९ मिमी. लाभ सव्वा मिलिमीटरचा. त्याच्या बदल्यात चाकावर मिळणारा ओढा आणि ब्रेकचा जोर, दोन्ही सात टक्क्यांहून जास्त कमी होतात, कारण चाक फिरवणारा तेवढाच जोर (टॉर्क) आता लांब त्रिज्येवर खर्च होतो. वेगमापकही फसवतो. सध्या काटा १०० वर असताना जीपीएसवर ९५.५ दिसतात. मोठ्या चाकावर काटा १०० दाखवील तेव्हा गाडी १०३ ने जात असेल. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीनुसार वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये, त्यामुळे हा पर्याय इथेच संपतो. शिवाय चाक कमानीत मावणारही नाही. गाडीची रचनाच उंच चाकांभोवती केलेली असेल तर गोष्ट वेगळी. तयार गाडीवर बाहेरचा व्यास एक-दोन टक्क्यांपलीकडे बदलू नये.

८ डिसेंबर

ब्रेकविषयी थोडक्यात. मोठ्या रिमचे सर्वांत प्रामाणिक कारण मोठी डिस्क हे आहे. गाड्या जड आणि वेगवान झाल्या, ब्रेकमधली उष्णता वाढली, मोठ्या डिस्क आल्या आणि त्या मावण्यासाठी रिम वाढल्या. पण आमच्या डिस्क त्याच राहणार आहेत. सध्याचे ब्रेक जोरात दाबले की एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सुरू होते, म्हणजे चाक जवळपास जाम करण्याची ताकद त्यांच्यात आहे. मर्यादा टायरच्या पकडीची आहे, आणि ती रबराच्या मिश्रणावर व हवेच्या योग्य दाबावर जास्त अवलंबून असते. डिस्क तीच ठेवून रिम वाढवली तर आरांमधून एवढेच दिसते की डिस्कभोवती किती रिकामी जागा आहे.

१५ डिसेंबर

दाराच्या पट्टीवरचे दुसरे माप, २०५/५५ आर १६, मित्राच्या गाडीवरून दोन दिवसांसाठी उसने आणले. टायर त्याच मालिकेतले निघाले, हे नशीब. चाक १७.३ किलो, साइडवॉल ११३ मिमी, बाहेरचा व्यास ६३२ मिमी, उभ्या गाडीखाली दबाव १९ मिमी. धक्का पचवण्याचा वरचाच हिशेब सुमारे ४८० ज्यूल देतो. पिळाची चाचणी धरून वेग घेताना भासणारी भर चार चाकांची मिळून जेमतेम ८ किलो आहे. वेग ओसरण्याची चाचणी घेतली नाही. थंडी वाढल्याने हवा दाट झाली आहे आणि टायरही ताठ राहतो, त्यामुळे २ नोव्हेंबरच्या आकड्यांशी तुलना फसवी ठरली असती.

स्टिअरिंगमधली ढिलाई १६ इंचीवर बरीच कमी होते. १७ इंचीइतकी नाही, पण भावाने त्याच वळणांच्या रस्त्यावर चालवून पाहिल्यावर "एवढं पुरे" असे म्हटले, आणि हे त्याने माझ्या समाधानासाठी म्हटले नाही हे मला ठाऊक आहे. आई मागे बसून आली आणि हवेविषयी काही बोलली नाही.

१५ इंचीवरच राहावे की १६ वर जावे, यावर दोन दिवस बोलणे झाले. आराम आणि इंधन एवढेच पाहिले तर १५ सरस आहे, आणि गाडी माझ्या एकट्याची असती तर मी तेच ठेवले असते. पण चालवणाऱ्याला गाडीचा विश्वास वाटणे यालाही किंमत आहे, आणि १६ इंच हे माप गाडी घडवणाऱ्यांनीच सस्पेन्शन जुळवताना विचारात घेतलेले आहे. १७ इंची संच भाऊ विकणार आहे. चपटा झालेला काठ तो घेणाऱ्याला आधी दाखवील, आणि ती रिम संचातून वेगळी ठेवील.

४ जानेवारी

मूळ मापाच्या १६ इंची रिम बसवल्या. रुंदी साडेसहा इंच, ऑफसेट ४५, मधले भोक हबवर नेमके बसते, त्यामुळे कड्यांची गरज उरली नाही. बोल्ट टॉर्क पान्याने ताऱ्याच्या क्रमाने आवळले, ५० किलोमीटर चालवून परत तपासले, एक बोल्ट किंचित ढिला होता तो आवळला. व्हील अलाइनमेंट करून घेतले. वेगमापकाचा काटा १०० वर असताना जीपीएसवर ९५ दिसतात.

स्टेपनी १५ इंचीच ठेवली आहे. बाहेरच्या व्यासातला फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याने पंक्चरच्या वेळी जवळच्या दुकानापर्यंत ती चालेल. तिच्या जुन्या बोल्टांचा शंकू वेगळ्या उताराचा आहे, म्हणून ते बोल्ट कापडी पिशवीत घालून, वर चिठ्ठी बांधून, डिक्कीत स्टेपनीच्या मधोमध ठेवले आहेत. हवेचा दाब थंड टायरवर २.३ बार. पुढची चाळी मोजणी मार्चमध्ये.